ओट्यावरचे दूरदर्शन

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी विद्वानांचे विचार ऐकण्याची गोडी आपल्या लोकांना लागलेली आहे. ह्या व्यासपीठावरून वेदान्त ऐकला जातो, अर्थकारण ऐकले जाते, शिवचरित्र तर दरवर्षी ऐकले जाते. आम्ही मात्र दूरदर्शनवरील नाटिका आणि विनोदी मालिका ह्यांविषयी बोलण्याचे ठरविले आहे. विषय कळविला तेव्हा चालकांनी दोनदा विचारले, "नक्की हाच ना?" कामगार चळवळीत तीस वर्षे काढलेल्या माणसाने कामगार कायद्यांवर बोलावे, अशी त्यांची रास्त अपेक्षा होती. आमचे शिक्षण दहावीचे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर, संघटनेच्या कचेरीत आणि, सांगावयास लाज वाटत नाही, टीव्हीसमोर झाले. आम्ही ह्या मालिकांचे जुने आणि कट्टर भक्त आहोत. भक्ताने देवाची तक्रार करू नये असे कोठे सांगितलेले नाही. तेव्हा थोडी तक्रारही येईल.

आम्ही मूळचे राजुरीचे. कल्याण-नगर रस्त्याने आळेफाटा ओलांडून बेल्ह्याच्या अंगाला निघाले की हे गाव लागते. जुन्नर तालुक्याचा हा पूर्वेकडचा भाग. ज्या रेड्याच्या मुखातून ज्ञानदेवांनी वेद वदविले असे सांगतात, त्याची समाधी शेजारीच आळ्याला आहे. आणि तमाशाची पंढरी म्हणून मान्यता पावलेले नारायणगाव फार लांब नाही. म्हणजे मुके जनावर बोलते करणे आणि बोलक्या माणसाने राजालाही टोमणा मारणे, ह्या दोन्ही गोष्टींचा वारसा आमच्या मुलखाला आधीपासूनच आहे.

दूरदर्शनच्या बाबतीत मात्र ह्या तालुक्याचा इतिहास मोठा गमतीचा आहे. १९७१ साली नारायणगावजवळ आर्वी येथे 'विक्रम' भू-उपग्रह केंद्र उभे राहिले. सातासमुद्रापलीकडचे संदेश अंतराळातून आमच्याच तालुक्यातल्या एका प्रचंड तबकडीत उतरू लागले. पण मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी, आणि राजुरीत कोणाच्या घरात पडदा उजळला तो त्यानंतर कितीतरी वर्षांनी. पुढे खोडदला जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण झाली, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची. ती जागा निवडण्याचे एक कारण असे, की ह्या भागात माणसाने निर्माण केलेल्या रेडिओ लहरींचा गोंगाट कमी आहे. शास्त्रज्ञांना जी शांतता हवीशी वाटली, तिच्याच नावाने आम्ही पोरे कौलावर चढून अँटेना फिरवीत बोटे मोडत होतो.

पण आमची पहिली भेट राजुरीत झालीच नाही. ती झाली मुंबईत. आमचे वडील गिरणीत साचा खात्यात होते. जुन्नर-आंबेगावच्या घरटी एक माणूस तेव्हा मुंबईत असे, कोणी गिरणीत, कोणी गोदीत, कोणी डबे पोचविण्याच्या धंद्यात. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही लालबागच्या चाळीत जात असू. एका मजल्यावर एकच टीव्ही, आणि त्या खोलीच्या दारापासून जिन्यापर्यंत माणसे. मुलांकडून चार आणे घेण्याचा रिवाज काही खोल्यांत होता. ही खोली उदार होती, मात्र चपला बाहेर.

तेथे आम्ही 'चिमणराव-गुंड्याभाऊ' पाहिले. सत्तरच्या दशकाची ती अखेरची वर्षे. चिं. वि. जोशी यांनी बडोद्यास पाली भाषा शिकविता शिकविता निर्माण केलेला तो पुण्याचा कारकून आणि सोटा बाळगणारा त्याचा मावसभाऊ. ही जोडी १९४० साली मास्टर विनायकांच्या 'लग्न पहावे करून'मध्ये रुपेरी पडद्यावर येऊन गेली होती; दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग ह्यांनी ती भूमिका गाजविली होती. दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. आम्ही आठ-नऊ वर्षांचे होतो. पुणेरी मध्यमवर्गाशी आमचा संबंध काय? आणि तरीही ती साऱ्या गिरणकामगारांनी भरलेली खोली खो खो हसत होती. पुढे पुष्कळ वर्षांनी आम्हांला त्याचे कारण समजले. चिमणरावाला साहेबाची भीती वाटते. रजा मागताना त्याची जीभ अडखळते. पगाराच्या शेवटच्या आठवड्यात घरी पाहुणे येतात. जॉबरसमोर उभा राहून खाड्याचे कारण सांगणाऱ्या माणसाला ह्यात परके काय वाटणार? कारकून स्वतःला कामगार म्हणवून घेत नाही, हा आमच्या संघटनेपुढचा जुना प्रश्न आहे. चिंविंच्या विनोदाने तो चाळीच्या त्या खोलीत अर्ध्या तासापुरता का होईना, सोडविला होता.

त्या काळच्या मुंबई केंद्राचे एक श्रेय मान्य केले पाहिजे. शेतकऱ्यांसाठी 'आमची माती आमची माणसं', कामगारांसाठी 'कामगार विश्व' आणि छोट्या छोट्या नाटिकांचा 'गजरा', असे तेथे चाले. नेपथ्य साधे, पैसा थोडा. परंतु ही मंडळी रंगभूमीवरून आलेली होती. राज्य नाट्यस्पर्धेच्या आणि कामगार कल्याण केंद्रांच्या स्पर्धांच्या तालमीत तयार झालेली पिढी मुंबईत हाताशी होती. ज्याने गिरणगावच्या मांडवात शिट्ट्या मारणाऱ्या प्रेक्षकाला गप्प बसविले आहे, त्याला कॅमेरा काय घाबरविणार!

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दूरदर्शन रंगीत झाले आणि नोव्हेंबरात दिल्लीला आशियाई खेळ झाले. इतिहासाच्या पुस्तकात ह्या दोन गोष्टी वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. आमच्या घरात त्या एकाच वर्षी, एकाच दारातून आल्या. वडील ट्रंक घेऊन राजुरीला परतले ते परत गिरणीत गेले नाहीत. तीन एकर कोरडवाहू आणि दोन म्हशी. ते बोलेनासे झाले. संध्याकाळी दूध घालावयास ते जात, आणि दूध घालण्याच्या जागेच्या ओट्यावरच गावातला एक सार्वजनिक टीव्ही होता. बांबूवर अँटेना, खाली लाकडी पेटी, पेटीला कुलूप, आणि किल्ली एका कडक गृहस्थाच्या जानव्याला. दूध घालून झाले तरी माणसे रिकाम्या बरण्या घेऊन बसून राहत.

ह्या ओट्यावर १९८४ साली 'हम लोग' आले. भारतातील ही पहिली मोठी कौटुंबिक मालिका. ७ जुलै १९८४ पासून १९८५ च्या डिसेंबरपर्यंत ती चालली. तिची कुळकथा लांबची आहे. पेरू देशात १९६९ साली 'सिंप्लेमेंते मारिया' नावाची मालिका निघाली. खेड्यातून शहरात आलेली एक मोलकरीण शिवणकाम शिकते आणि आपल्या पायावर उभी राहते, एवढीच गोष्ट. पण मारियाच्या लग्नाच्या प्रसंगाचे चित्रीकरण होते त्या चर्चबाहेर लीमा शहरात हजारो लोक आहेर घेऊन जमले, आणि शिवणयंत्रांचा खप वाढला. ते पाहून मेक्सिकोच्या मिगेल साबिदो नावाच्या नाट्यदिग्दर्शकाने विचार केला, की मालिकेने नकळत शिलाईयंत्र खपते तर अक्षरओळख का खपू नये? १९७५ साली त्याने प्रौढ साक्षरतेवर मालिका केली. आपले वसंत साठे माहितीमंत्री असताना मेक्सिकोस गेले होते. तेथून ही कल्पना भारतात आली आणि मनोहर श्याम जोशी यांनी 'हम लोग' लिहिली.

प्रारंभी त्यात कुटुंबनियोजनाचा उपदेश इतका होता, की लोक कंटाळले. तेराएक भागांनंतर लेखकांना उपदेश आवरता घ्यावा लागला आणि मग मालिका धावू लागली. दारसभेत भाषण करणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्याने ही हकिकत पाठ करावी अशी आहे. दुसरी गंमत आणखी बोधक आहे. सारे सोसणारी भागवंती ही आई लेखकाने इशारा म्हणून उभी केली होती. ह्या सोसण्याने काय होते ते पाहा, असे त्याला सांगावयाचे होते. पुष्कळ प्रेक्षकांना मात्र तीच आदर्श वाटली. पुढे अभ्यासकांनी हे नोंदविले; आम्ही ते ओट्यावर प्रत्यक्ष ऐकले होते. आमची आई म्हणे, "बाई असावी तर अशी." वडील तेव्हाही काही बोलत नसत. आणि शेवटी अशोककुमार येऊन चार शब्द सांगत. ते हिंदीत काय म्हणाले ह्याचा आमच्या ओट्यावर मराठीत जो अर्थ लावला जाई, तो त्यांना कळला असता तर त्यांनी हे काम सोडले असते.

मग १९८६ साली 'नुक्कड' आले. येथे आम्ही जरा थांबणार आहोत, कारण आमच्या मते हिंदुस्थानी दूरदर्शनवर ह्या मालिकेच्या तोडीचे फार थोडे झाले आहे. कुंदन शाह आणि सईद मिर्झा ह्यांची ती निर्मिती. एक रस्त्याचा कोपरा. तेथे गुरू हा वायरमन, सायकल दुरुस्त करणारा हरी, हॉटेलवाले कादरभाई, एक न्हावी, एक भिकारी, एक हवालदार, आणि दारूच्या नशेत झुलणारा खोपडी. राजा नाही, जहागीरदार नाही, डॉक्टर-वकील नाहीत. ज्यांच्या हाताला काळे लागलेले असते अशी ही माणसे. आणि ती कथेत कोणाच्या तरी मागे ट्रे घेऊन उभी नाहीत, कथाच त्यांची आहे. त्यांची भांडणे पाच-दहा रुपयांवरून होतात. कोणाचे काम जाते, कोणाला पोलीस उचलतो, आणि बाकीचे मिळून काहीतरी खटपट करतात. ती खटपट पुष्कळदा फसते. संघटना म्हणजे काय हे आम्ही पुस्तकात वाचण्याआधी तेथे पाहिले. समीर खक्कर यांचा खोपडी तर असा, की दारुड्याला हसावे की त्याची कणव करावी हे ठरविण्याआधीच दृश्य संपून जाई.

एका संध्याकाळी गुरूचे काहीतरी दृश्य चालले होते. चार वर्षे मुक्याने बसणारे आमचे वडील एकाएकी म्हणाले, "ह्यो आपल्या चाळीखालचा वायरमन हाय. चालतो बी तसाच." आणि हसले. मग शेजारच्या माणसाला त्या खऱ्या वायरमनची हकिकत सांगू लागले; तिच्यातून गिरणी निघाली, गिरणीतून साचे निघाले, साच्यांच्या आवाजात खुणांनी कसे बोलावे लागे ते निघाले. मालिका संपली, पेटीला कुलूप लागले, आणि वडील बोलतच होते. आम्ही तेव्हा सोळा वर्षांचे. दुसऱ्या वर्षी आम्ही भोसरीला कारखान्यात लागलो आणि आणखी काही वर्षांनी संघटनेच्या कामात पडलो.

तेव्हापासून आम्ही एक वही ठेवीत आलो आहोत. संघटनेत सभासदांची नोंद करताना नाव, खाते, हुद्दा असे रकाने आखतो; त्याच सवयीने मालिकांची वही आखली. मालिकेचे नाव, साल, पात्र आणि पात्राचा धंदा. ऐंशीच्या दशकाच्या पानांवर धंद्याचा रकाना भरगच्च आहे. १९९९ साली अल्फा मराठी वाहिनी निघाली. तिच्या 'आभाळमाया'तली सुधा जोशी महाविद्यालयात शिकविते. त्याआधी दूरदर्शनवर 'दामिनी'ही दैनंदिन मालिका आली होती. तिची नायिका पत्रकार. बाई घराबाहेर पडून कमावते, आणि त्या कमाईमुळे घरातल्या नात्यांवर काय ताण पडतो, ह्याचे चित्रण ह्या मालिकांनी धीटपणे केले. तेथपर्यंत रकाना भरलेला आहे. पुढे पुढे तो रिकामा पडत गेला. घरे मोठी झाली, जिने रुंद झाले, दागिने वाढले. पण दिवसभर हे लोक करतात काय, ते कळेना. 'उद्योग' एवढाच शब्द वारंवार ऐकू येई. त्या उद्योगात कामगार किती, पाळ्या किती, बोनस किती टक्के, देव जाणे.

हे आम्ही एकट्याने ताडले असे नव्हे. पुण्याच्या बाजूला एका शेडमध्ये माल बांधण्याचे काम करणाऱ्या बायांची आम्ही संध्याकाळी साडेसातला सभा बोलाविली. सहा जणी आल्या. कारण विचारता एक म्हणाली, "भाऊ, आता मालिका असते. नऊनंतर घ्या सभा." आमच्या एका सहकाऱ्याने तेथेच अफूच्या गोळीवर व्याख्यान दिले. आम्ही गुपचूप सभा नऊला नेली, कारण ती मालिका आम्हांलाही पाहावयाची होती. तो 'चार दिवस सासूचे'चा जमाना होता. रोहिणी हट्टंगडी आणि कविता लाड यांची ती मालिका २००१ पासून २०१३ पर्यंत तीन हजारांहून अधिक भाग चालली. नऊला साऱ्या जणी आल्या. आणि सभेआधीच्या गप्पांत साठीची एक बाई मोठ्या घरांच्या ह्या सगळ्याच मालिकांविषयी म्हणाली, "समदं खरं, पण भाऊ, ह्या घरात भाकरी थापतं कोण?" आम्ही वहीत रकाने आखून जे पंधरा वर्षांत मांडले नाही, ते तिने एका वाक्यात मांडले. आणि तरीही दुसऱ्या दिवशी ती पुढचा भाग पाहणारच होती. तिला दिवसभर उभे राहून खोकी चिकटवावी लागत. अर्धा तास तिला रेशमी साड्या पाहाव्याशा वाटल्या तर तिला अडाणी म्हणणारा माणूस आम्हांस चळवळीच्या कामाचा वाटत नाही.

भाकरी थापणारे हात पडद्यावरून गेले, पण पडद्यामागे मात्र ते वाढले होते. आठवड्यातून एक भाग होता तेव्हा ते नाटक होते. आठवड्याचे पाच-सहा भाग झाले तेव्हा तो कारखाना झाला. प्रकाशयोजनेची माणसे, रंगभूषेची, कपडेपटाची, सुतार, चहा देणारी पोरे, गर्दीत उभे राहणारे कलावंत. बारा-बारा तासांची पाळी, आणि मजुरी हातात पडावयास तीन-तीन महिने. १ ऑक्टोबर २००८ रोजी मुंबईच्या चित्रपट व दूरचित्रवाणी कामगारांच्या महासंघाने काम बंद केले. मजुरी वेळेवर मिळावी, कामाचे तास ठरावेत, ह्या त्यांच्या मागण्या होत्या. तो संप थोडक्यात मिटला, पण नोव्हेंबरात निर्मात्यांशी पुन्हा तंटा पेटला आणि वाहिन्यांवर जुनेच भाग दाखविण्याची पाळी आली. हिंदी वाहिन्यांच्या त्या आठवड्यात आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांत लोकांना प्रथमच कळले, की त्या सुनेच्या डोळ्यांतले पाणी चमकावे म्हणून कोणीतरी तासभर दिवा धरून उभा असतो. २०१७ च्या ऑगस्टमध्येही आठ तासांच्या पाळीसाठी महासंघाने पुन्हा संपाचे हत्यार उपसले. आठ तासांची मागणी! एकोणिसाव्या शतकात शिकागोच्या कामगारांनी जी केली तीच. आम्ही त्या दिवसांत भक्त म्हणून हळहळलो आणि कार्यकर्ता म्हणून खूष झालो.

तक्रारीच्या भरात एका मालिकेवर अन्याय होऊ नये. २००१ साली 'श्रीयुत गंगाधर टिपरे' सुरू झाली. प्रभावळकरांच्या 'अनुदिनी' ह्या लेखनावर ती बेतलेली, दिग्दर्शन केदार शिंदे यांचे, आणि आठवड्यातून एकदाच. आबा, मुलगा शेखर, सून श्यामला, नातू शिऱ्या आणि नात शलाका. कट नाही, कारस्थान नाही. घरात नवी वस्तू यावी की न यावी, एवढ्यावर एक भाग निघे. आणि आबा कोण? तेच प्रभावळकर. ज्यांना आम्ही लालबागच्या जिन्यात उभे राहून साहेबाला घाबरताना पाहिले, ते वीस-बावीस वर्षांनी निवृत्त होऊन आरामखुर्चीत बसलेले! साहेब गेला, भीती गेली, पण महिनाअखेरचा हिशोब काही सुटला नाही. आमचे वडील तेव्हा थकले होते. ती मालिका ते घरच्या टीव्हीवर पाहत आणि शेखरला उशीर झाला की घड्याळाकडे पाहत. गिरणीचा भोंगा थांबून वीस वर्षे होत आली होती.

विनोदी कार्यक्रमांविषयी तर नारायणगावच्या शेजारच्या माणसाने बोललेच पाहिजे. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या पडतात. गावोगावचे पंच येऊन आपल्या यात्रेची सुपारी देतात. आम्ही लहानपणापासून गण, गौळण, बतावणी आणि वग ह्या क्रमाने तमाशा पाहिला. बतावणी म्हणजे दोन माणसे, हातात काही नाही, आणि नुसत्या बोलण्यावर हजार माणसांना धरून ठेवावयाचे. एक शहाणा, एक वेड पांघरलेला; आणि वेड्याने शहाण्याला असे कोंडीत पकडावयाचे, की पाटलापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांची हजेरी निघावी. २०१४ साली 'चला हवा येऊ द्या' सुरू झाले, २०१८ साली 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' आली. सुशिक्षित लोक म्हणाले, हे परदेशी नमुन्याचे कार्यक्रम. आम्ही म्हणतो, डोळे उघडून पाहा. पुरुषाने लुगडे नेसून केलेली ती गौळणीतली मावशीच नव्हे काय? समीर चौघुले एका वाक्यावर अडकून तेच ते वेगवेगळ्या तऱ्हेने घोळवितात, ती जातिवंत बतावणी आहे. सगळेच साधते असे नव्हे. शरीराच्या जाडीवरून आणि रंगावरून केलेले विनोद आम्हांला खपत नाहीत. ते पाहताना आम्ही उठून पाणी पितो. पण वॉचमन, रिक्षावाला, चाळीतला भाडेकरू, हप्ता थकलेला माणूस, ही मंडळी जी मालिकांच्या दिवाणखान्यातून बाहेर काढली गेली होती, ती मागच्या दाराने येथे पुन्हा शिरली. 'चला हवा येऊ द्या'मध्ये सागर कारंडे पोस्टमन होऊन अरविंद जगताप यांनी लिहिलेली पत्रे वाचीत. हसून हसून दमलेले प्रेक्षागृह त्या खाकी कपड्यापुढे डोळे पुसू लागे. आमच्या वहीत त्या पानावर धंद्याच्या रकान्यात कितीतरी वर्षांनी एक स्वच्छ शब्द पडला: टपालवाला.

गेल्या वर्षी यात्रेला आम्ही राजुरीला गेलो होतो. फड आला होता. बतावणीत सोंगाड्याने टीव्हीवरच्या एका विनोदवीराची नक्कल केली आणि पोरांनी शिट्ट्या मारल्या. आमच्या शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्याला ती टीव्हीची नक्कल आहे हे ठाऊक नव्हते. तो म्हणाला, "हे सोंग आमच्या लहानपणी बी असंच व्हायचं." मध्येच वीज गेली. जनरेटर लागेपर्यंत सोंगाड्या अंधारातच बोलत राहिला, आणि कोणी उठले नाही.